खेळ संपल्यावर कोण कोणाबरोबर बसतो?

(विश्रांतवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गात मजुरी, महागाई, जमीन, जात असे विषय असतात आणि ते असावेतच. आजचा विषय मात्र कित्येकांना थिल्लर वाटेल. मोठ्या शहरात राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन सामना पाहतो आणि सामना संपल्यावर चार मित्रांबरोबर कोठेतरी बसतो, काही खातो, काही पितो. या साध्या सुखाचे अर्थशास्त्र मला आज मांडावयाचे आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत श्रमाला एक प्रकरण असते, भांडवलाला दहा असतात, आणि फुरसतीला बहुधा एक तळटीप मिळते. आपल्या चळवळीच्या पुस्तकांतही परिस्थिती फारशी वेगळी नाही. वस्तुतः कामगार चळवळीचा आरंभच फुरसतीच्या मागणीतून झाला आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. ती मालकांच्या औदार्यातून मिळाली नाही. सत्यशोधक परंपरेतून आलेले, ‘दीनबंधु’ चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे सभा घेऊन, हजारोंच्या सह्या जमवून ती मिळविली. आज रविवारी जो दूरदर्शनसंचासमोर पाय पसरून सामना पाहतो, तो लोखंड्यांचा ऋणी असतो. बहुधा त्याला हे ठाऊक नसते. तिकडे इंग्लंडात १८५० च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविले. कायदा प्रत्यक्षात स्त्रिया व तरुण कामगारांसाठी होता. पण त्यांच्यावाचून गिरणी चालेना, तेव्हा सर्वांनाच अर्धी सुट्टी मिळाली. इंग्रजी फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास सुरू होण्याची रीत पडली ती यातून. दोन वाजता भोंगा, मग वाटेत पबमध्ये एक पेला, मग मैदान. घड्याळ कारखान्याचेच, पण त्यातला एक तुकडा कामगाराने आपला करून घेतलेला.

आपल्या परिसराशी ज्याचे साम्य आहे असे एक उदाहरण सांगतो. लंडनजवळ वुलविच येथे सरकारी शस्त्रागार होते. तेथील डायल स्क्वेअर नावाच्या कार्यशाळेतील कामगारांनी १८८६ मध्ये वर्गणी काढून एक फुटबॉल संघ उभा केला. तोच आजचा आर्सेनल. नदीपलीकडे खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. वुलविचच्या संघाहून तो सतरा वर्षांनी वडील. कारखाना इकडेही होता, कामगार इकडेही होते, आणि खेळाची आवड नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. मग जगभर ज्याचे नाव जाते असा कामगारांचा संघ इकडे का उभा राहिला नाही? याचे एक कारण गुलामी हे आहेच. दुसरे कारण आपल्या घरचे आहे, आणि त्यासाठी मला खडकीशीच संबंध असलेल्या एका माणसाची हकीकत सांगावी लागेल.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. वडील पुण्यात लष्कराच्या चाकरीत होते; एका वृत्तांताप्रमाणे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, दुसऱ्याप्रमाणे पायदळाच्या पलटणीत. मुलगा पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या व रूळ फिरविण्याच्या कामाला लागला. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, तेथे चार रुपये मिळू लागले. तेथील गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्याचे काम. ग्रेग नावाचा उत्तम फलंदाज तासन्‌तास त्याच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी, आणि बाद झाला की दर वेळी आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. चेंडू टाकण्याची मुभा होती. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा अधिकार.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवावयाचे होते आणि त्यासाठी बाळू हवा होता. बरीच चर्चा झाली आणि अखेर त्याला संघात घेतले. आता हा तपशील नीट ऐका, कारण आजच्या साऱ्या व्याख्यानाचा मुद्दा यात आहे. मैदानावर तोच चेंडू बाळू टाकी आणि तोच चेंडू उच्चवर्णीय क्षेत्ररक्षक झेली. खेळापुरता विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूला तो बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवावयाचे झाले तर एका कोपऱ्यात अस्पृश्य नोकराने पाणी आणून द्यावयाचे. विजयात त्याचा वाटा होता, पंगतीत नव्हता. जे याच्याबरोबर खेळतात त्यांनी त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत घेऊ नये, असे न्यायमूर्ती रानड्यांनी सुचविल्याची नोंद आहे. पुण्याने टाळ्या वाजविल्या, आणि भांडी वेगळीच ठेवली.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्यात काही कुरकुर झाल्यावर त्यांना प्रवेश मिळाला, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की हळूहळू सहभोजनाचीही आडकाठी गेली. १९०६ मध्ये, व पुन्हा १९०७ मध्ये, हिंदू संघाने युरोपियनांना हरविले तेव्हा सुधारकी पत्रांनी विजयाचे श्रेय या मोडलेल्या पंगतीलाही दिले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ सपाटून हरला, पण बाळूंनी एकट्याने शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्रामागे तरुण आंबेडकर होते असे सांगितले जाते. तरीही कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, १९२३ मध्ये, आणि तेही भावंडांनी एकदा संघातून बाहेर पडून निषेध केल्यावर. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि थोड्या मतांनी पडले. त्या गुंतागुंतीचा ऊहापोह स्वतंत्र व्याख्यानात करावा लागेल. आज मला फक्त मातीच्या त्या भांड्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. खेळ माणसांना एकत्र आणतो हे वाक्य आपण सहज उच्चारतो. खेळ माणसांना मैदानावर एकत्र आणतो. ती माणसे एकत्र राहतात की नाही, हे खेळानंतरच्या चहाने, जेवणाने व पेल्याने ठरते.

म्हणून इंग्रजांच्या पबकडे मी केवळ दारूचे दुकान म्हणून पाहत नाही. ‘पब्लिक हाउस’, म्हणजे सार्वजनिक घर, असा त्या शब्दाचा अर्थ. ज्या कामगाराच्या खोलीत पाहुण्याला बसावयास जागा नाही त्याची ती बैठकीची खोली. अर्थात या चित्राला सोनेरी चौकट घालण्याचे कारण नाही. लिव्हरपूल शहरातील जॉन होल्डिंग हे गृहस्थ दारूच्या भट्टीचे मालक होते. अॅनफिल्डचे मैदान त्यांच्या ताब्यात, खेळाडू कपडे बदलत ते शेजारच्या सँडन हॉटेलात, तेही त्यांचेच, आणि मैदानावर पेये विकण्याचा हक्कही त्यांचाच. एव्हर्टन संघ यशस्वी होऊ लागताच त्यांनी वर्षाचे भाडे शंभर पौंडांवरून अडीचशेवर नेले. संघाच्या मंडळात दारूबंदीचा पुरस्कार करणारी मंडळीही होती. भाडे आणि बिअर या दोन्हींवरून भांडण पेटले, आणि १८९२ मध्ये एव्हर्टन मैदान सोडून गेला. होल्डिंगांपाशी रिकामे मैदान उरले. त्यांनी नवा संघ काढला, तोच लिव्हरपूल. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत विद्यार्थ्यांना शिकविताना प्राध्यापक मंडळी गव्हाच्या शेताचे उदाहरण देतात. मैदानाचे द्यावे, विद्यार्थी जागे राहतात. प्रेक्षकांची गर्दी वाढविली खेळाडूंनी, आणि वाढीव मोल उचलू पाहिले जागेच्या मालकाने.

आता आपल्या शहरांकडे येऊ. मुंबईत ब्रेबर्न स्टेडियम १९३७ पासून होते, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामने भरविणारी मुंबईची संघटना आणि जागेचा मालक असलेला क्लब यांच्यात आसनांच्या वाटपावरून वर्षानुवर्षे तंटा चालला, आणि त्यातून हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम, वानखेडे, उभे राहिले. तेथील पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मधला. एका शहरात थोड्याशा अंतरावर दोन प्रचंड स्टेडियमे, आणि त्याच शहरातील पोरे गल्लीत लाकडी फळी घेऊन खेळत होती. आसनांचा तंटा म्हणजे काय, तर कोणाला किती पास द्यावयाचे हा. पुण्यानेही तोच धडा गिरविला. स्वारगेटचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे, म्हणजे तुमचे-माझे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी याच मैदानावर केनियाच्या हौशी खेळाडूंनी १६६ धावा करूनही बलाढ्य वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. विश्वचषकाच्या इतिहासातील एवढी मोठी उलथापालथ, आणि ती पाहून प्रेक्षक चालत चालत एस. टी. स्थानकावर गेला. वाटेत अमृततुल्य चहा होता, भेळ होती, आणि ज्यांना हवा होता त्यांना बारही होता. पुढे महापालिका व क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून बिनसले आणि संघटनेने शहराबाहेर गहुंजे येथे द्रुतगती मार्गालगत स्वतःचे स्टेडियम बांधले. २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याला काही काळ एका उद्योगसमूहाचे नाव दिले होते. कबूल केलेले पैसे आले नाहीत, तेव्हा नाव उतरविले.

विश्रांतवाडीहून गहुंजे पंचवीस-तीस किलोमीटर असेल. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याच्यासाठी हे अंतर तासाभराचे. ज्याच्याजवळ नाही त्याने दोन वाहने बदलावयाची आणि शेवटचा टप्पा पायी तुडवावयाचा. रात्री उशिरा सामना संपल्यावर परत कसे यावयाचे, हा प्रश्न स्टेडियमच्या आराखड्यात कोणी विचारला नव्हता असे दिसते. शहराच्या मध्यातील स्टेडियमभोवती टपऱ्या, खाणावळी, गप्पा असतात. महामार्गालगतच्या स्टेडियमभोवती मोटारी उभ्या करण्याची जागा असते. ‘खेळानंतरचे बसणे’ ही गोष्टच तेथे नाहीशी झाली. सामना संपला की प्रत्येकजण आपापल्या काचेआड.

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी गहुंज्याला भारत व न्यूझीलंड यांच्यातील कसोटी सामन्याचा पहिला दिवस होता. बहुतेक प्रेक्षागारावर छप्पर नाही, ऑक्टोबरचे ऊन, बाहेरून पाण्याची बाटली आत नेण्यास मनाई, आणि आतले पिण्याचे पाणी संपले. प्रेक्षकांनी घोषणा दिल्या. संघटनेने दिलगिरी व्यक्त केली. भारत तो सामना ११३ धावांनी आणि मायदेशातली मालिका बारा वर्षांनी हरला, याची चर्चा पुष्कळ झाली. पाण्याची चर्चा दोन दिवसांत विरली. मला त्यात अर्थशास्त्राचा एक मोठा धडा दिसतो. माणसाला कुंपणात घ्यावयाचे, त्याचे स्वतःचे पाणी दारावर काढून घ्यावयाचे, आणि मग पाण्याचा पुरवठा ही आपल्या मर्जीची बाब करावयाची. मक्तेदारीची याहून स्वच्छ व्याख्या मला वर्गात कधी देता आली नसती.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून २०१६ चा उन्हाळा आठवा. मराठवाड्यात टँकर आणि रेल्वेने पाणी चालले होते, आणि इकडे आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर पाणी मारले जात होते. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुण्याचे काही सामने विशाखापट्टणमला गेले. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात फर्माविली. हिरवळ आणि बिअर, दोन्हींचे पाणी एकाच एप्रिलमध्ये न्यायासनासमोर आले. काही मित्र तेव्हा म्हणाले की हे प्रतीकात्मक आहे, सामने हलवून दुष्काळ हटत नाही. हटत नाहीच. पण टंचाईच्या वेळी पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हे कोणीतरी ठरवावयाचे असते. सरकारने ते ठरविले नाही, तेव्हा न्यायालयाने ठरविले.

आता तिकिटाचे गणित. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव ४८,३९० कोटी रुपयांना झाला. दर सामन्यामागे हे शंभर कोटींहून अधिक होतात. आता धरा की स्टेडियममध्ये चाळीस हजार प्रेक्षक बसतात आणि प्रत्येकाने सरसकट पाचशे रुपये दिले, जमा किती? दोन कोटी. प्रक्षेपणाचा पैसा मध्यवर्ती गंगाजळीत जाऊन वाटला जातो आणि तिकिटाचा यजमान संघमालकाकडे राहतो, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. पण प्रमाण तर पाहा. मैदानावरचा प्रेक्षक आज या धंद्याचा मुख्य ग्राहक राहिलेलाच नाही. तो देखाव्याचा भाग आहे; घरच्या पडद्यावर गर्दी दिसावी म्हणून तो हवा. जो देखावा करावयास बसतो त्याच्याकडूनच हजारो रुपये घ्यावयाचे, यात आर्थिक अपरिहार्यता काही नाही. आणि आसने मोजकी, मागणी अफाट असल्यामुळे तिकीट जर दर्शनी स्वस्त ठेवलेच, तर मधला फरक काळाबाजारवाला उचलतो. तेव्हा नुसते ‘तिकीट स्वस्त करा’ म्हणून भागणार नाही. वाटपाची पद्धत उघडी करावी लागेल. पास किती, कोणाला, हे जाहीर करा. ब्रेबर्नपासून गहुंज्यापर्यंत सारे तंटे पासांवरून झाले आहेत, ही गोष्ट बोलकी आहे.

कराचीही एक गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला, जुगारगृहे व घोड्यांच्या शर्यती यांच्या पंगतीत. इतर मान्यताप्राप्त सामन्यांचे पाचशे रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त आहे. म्हणजे खेळ आणि खेळाचा तमाशा यांत फरक आहे, हे कायद्यालाही उमगले म्हणावयाचे. दुसरीकडे राज्य शासनाने २०२३ मध्ये सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर कमी केले आणि तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याचा जाब विचारला. थकबाकीदार शेतकऱ्याला असा पूर्वलक्षी प्रभाव मिळाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

मग ज्याला मैदान परवडत नाही तो काय करतो? आमच्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, तो इराण्याच्या हॉटेलाबाहेर उभा राहून रेडिओ ऐके. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकता ऐकता आम्ही क्षेत्ररक्षणाच्या जागांची मराठी नावे शिकलो. एका चहावर तासभर बसले तरी मालक हाकलीत नसे, आणि बाहेर फुटपाथवर उभे राहणाऱ्याला तर चहाही घ्यावा लागत नसे. आज त्याच माणसाचे मैदान म्हणजे परमिट रूममधला मोठा पडदा. आळंदी रस्त्याला, धानोरीला, येरवड्याला सामन्याच्या रात्री पाहा. पडदा फुकट, पण बसण्याचे भाडे पेल्यात मोजावयाचे. जो पीत नाही त्याला टेबल अडविल्याचे डोळे सहन करावे लागतात, आणि बाईमाणसाने तेथे एकटीने बसून अर्धशतक पाहावे ही कल्पनाही अजून आपल्याला पेलत नाही. कोरेगाव पार्क-कल्याणीनगरकडे तोच पडदा पबमध्ये असतो आणि पेल्याची किंमत आपल्या वस्तीतल्या माणसाच्या दिवसाच्या मजुरीएवढी असते. मातीचे भांडे आणि चिनी मातीचा कप. आता जात कोणी उघड विचारीत नाही. दरपत्रक ते काम करते.

‘परमिट रूम’ या शब्दावरही जरा थांबतो. आपल्या राज्यात दारूसंबंधीचा जो कायदा चालतो तो १९४९ चा आणि त्याचे नाव दारूबंदी कायदा असे आहे. कायद्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना हवा. मद्याला वय पंचवीस पूर्ण हवे, बिअरला एकवीस. प्रत्यक्षात परवाना कोण विचारतो? आणि त्याच वेळी जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविताना चौदा हजार कोटींच्या जादा महसुलाचा अंदाज बांधला. नाव बंदीचे, भिस्त खपावर. जे सरकार दारूच्या पैशावर अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करते ते वयाची अट पाळली जाते की नाही हे मनापासून पाहील, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला काय झाले ते तुम्ही जाणता. येथून ते ठिकाण फार दूर नाही. दोन तरुण अभियंते दुचाकीवरून घरी जात असताना महागड्या परदेशी मोटारीखाली गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि त्याआधी त्याला मद्यालयांत दारू दिली गेली होती, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा देशभर संताप उसळला. मग काही दिवस पबांवर हातोडे चालले, कुलपे लागली. पण मरणारा कोण होता? रात्री दुचाकीवरून घरी परतणारा नोकरदार. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी हातभट्टीने शंभराहून अधिक माणसे मेली. ती तर मोलमजुरी करणारीच होती. पेला महाग असो वा स्वस्त, मरण एकाच दिशेला जाते.

येथे मला आपल्याच मंडळींशी थोडे मतभेदाने बोलावयाचे आहे. आपल्या परंपरेत दारूविषयी कडक नैतिक भूमिका आहे आणि तिच्यामागे घराघरांतील स्त्रियांचे अश्रू आहेत, हे मी विसरत नाही. वस्तीतल्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिले की दुकान बंद, हा नियम मला महाराष्ट्रातील लोकशाहीचा एक सुंदर प्रयोग वाटतो, कारण निर्णय ज्यांना भोगावे लागते त्यांच्या हाती आहे. पण सरसकट बंदीचा अनुभव वेगळा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. मधल्या काळात चोरट्या व्यापाराची तक्रार वाढत गेली. माणूस परमिट रूममध्ये जातो तो केवळ दारूसाठी नव्हे. त्याला पडदा हवा असतो, पंखा हवा असतो, सोबत हवी असते, आणि ज्या खोलीत सहा माणसे राहतात तिच्याबाहेर तीन तास हवे असतात. ही गरज न्याय्य आहे. ती भागविण्याचे एकमेव ठिकाण गुत्ता असावे, हा दोष त्या माणसाचा नव्हे. दारू नको म्हणणाऱ्या चळवळीने ‘मग बसू कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर दिलेच पाहिजे.

उत्तराचा एक नमुना आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधून घेतले. युरोपच्या प्रवासात रोमचे जुने प्रेक्षागार त्यांनी पाहिले होते, त्यावरून ही कल्पना. आखाडा मध्यात, भोवती जमीन चढत गेलेली; मागे बसलेल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसते. मोठ्या तिकिटाचे आणि छोट्या तिकिटाचे ‘दिसणे’ यांत फरक राहू नये, ही दृष्टी त्या मातकामात उतरली आहे. ज्या राजाने पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम १९०२ मध्ये काढला, त्यानेच असे मैदान बांधावे यात मला सुसंगती दिसते. त्याच गावात फुटबॉलही आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ असे तालमी-पेठांचे संघ खेळतात. खेळाडू आपल्या गल्लीतला, प्रेक्षक चालत येणारा, तिकीट परवडणारे, आणि सामन्यानंतर मिसळीच्या दुकानात हरलेले-जिंकलेले एकमेकांची उणीदुणी काढीत बसलेले. कधी हाणामारीही होते, बाहेरगावचे खेळाडू पैसे देऊन आणण्याचे खूळही तेथे शिरले आहे. ते काही रामराज्य नव्हे. पण तेथे प्रेक्षक देखाव्याचा भाग नाही, मालक आहे. जर्मनीत क्लबाच्या सभासदांकडे मताधिक्य राहिलेच पाहिजे असा नियम १९९८ पासून आहे. कोल्हापूरच्या पेठांना तो कोणी शिकवावा लागला नाही.

तेव्हा विश्रांतवाडीने काय करावे? गहुंज्याचे स्टेडियम उचलून येथे आणता येणार नाही. परंतु धानोरी, कळस, टिंगरेनगर या शेतजमिनींवर इमारती चढत असताना विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या जागा कोणत्या आणि त्यांपैकी आज मोकळ्या किती, हे एका कार्यकर्त्याने महापालिकेत बसून दोन दिवसांत काढता येते. ते प्रथम करा. महापालिकेच्या शाळांची पटांगणे सुट्टीच्या दिवशी कुलपात असतात. ती उघडली जावीत. मोठ्या सामन्यांच्या वेळी महापालिकेच्या सभागृहात पडदा लावावा, प्रवेश सर्वांना, चहा रास्त दरात. आणि स्त्रियांसाठी वेगळी रांग नको, सगळ्यांबरोबरच जागा हवी, स्वच्छतागृह हवे आणि रात्री परतीची बस हवी. बसच्या मागणीला कोणी हसू नये. मैदानापर्यंत जाण्यापेक्षा मैदानावरून परतणे गरिबाला अधिक महाग पडते. आणि वस्तीतले संघ उभे करताना एक पथ्य पाळा: खेळानंतर एकत्र खाल्ल्याशिवाय कोणी घरी जावयाचे नाही, आणि वर्गणी ज्याला परवडत नाही त्याचे ताट संघाने भरावयाचे. या परिसरात गावठाणातले आहेत, फौजी आहेत, झोपडपट्टीतले आहेत, नव्या सोसायट्यांतले आहेत. ते एकाच चेंडूमागे धावतील, याविषयी मला शंका नाही. नंतर ते एका टेबलाशी बसतात का, एवढेच मला पाहावयाचे आहे.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. मैदानांच्या आरक्षणाविषयी ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांनी आधी बोलावे.